घोड्यावरच्या देवाची आण

२४ नोव्हेंबर, रविवार

भोरच्या डॉक्टरने सांगितलं, राग आला की हात उचलण्याआधी वही उचलायची आणि लिहायचं. बीपीच्या गोळ्यांबरोबर हे एक नवीन. गोळ्या तरी कुठे लागू पडतात, म्हटलं हेही करून बघू.

मुळात मी रागीट नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. पण पानशेतच्या पाण्याकडेला हॉटेल चालवायचं म्हणजे संतमाणसाचं काम नव्हे. आज दुपारी पुण्याच्या चौघांनी थाळ्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि मग रश्शात केस निघाला म्हणून कटकट सुरू केली. मी शांतपणे ऐकून घेतलं. त्यातला एकजण माझ्या आचाऱ्याला, कोंडिबाला, आईवरून बोलला तेव्हा त्याची मुंडी धरून टेबलावर आपटली. नाक फुटलं. बाकीचे तिघे मुकाट्याने पैसे ठेवून गेले. ते गेल्यावर कोंडिबा म्हणाला की केस खरंच होता, म्हणून त्यालाही दोन ठेवून दिल्या. वही सगळा वेळ गल्ल्याच्या खणात होती.

खरा राग आहे तो दादाचा. म्हादूदादा, माझा थोरला भाऊ. मी धरणाकाठी आलो, तो अजून वरच्या वस्तीवर मेंढरं राखतो. पाण्याच्या वरच्या अंगाला आमचा सामायिक उतार आहे. तिथे तंबू टाकले तर शनिवार-रविवार पुणं लोटेल. पण जमिनीचा सातबारा दोघांच्या नावावर, आणि दादा सही करत नाही. म्हणतो, मेंढरं कुठं चारू.

दुसरा कुणी असता तर मी त्याची सही कधीच काढली असती. पण दादाच्या बाबतीत माझे हात बांधलेले आहेत. बाप गेला त्या वर्षी वाटणीच्या बोलण्यात मी दादावर कोयता घेऊन धावलो होतो. लागला नाही, उगीच बोभाटा झाला. गेनूतात्यांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, देव्हाऱ्यातला घोड्यावरचा देव ताम्हणात ठेवला आणि त्याच्यासमोर भंडारा उचलायला लावला. भावाच्या अंगावर हात टाकणार नाही, टाकला तर ह्या देवानं माझं घर बुडवावं. दोघांकडूनही म्हणवून घेतलं. मला मुद्दाम, आणि दादाला आपलं उगीच, मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. दादा म्हणजे गरीब गाय. बिबट्या मेंढरांत शिरला तेव्हा त्याने त्याला काठीने हाणत जाळीपर्यंत नेला होता, पण ते जनावर होतं. माणसाला तो अरे सुद्धा म्हणत नाही.

७ डिसेंबर, शनिवार. चंपाषष्ठी

सकाळी वर गेलो. सहीचे कागद पिशवीत घेतले होते.

आमचा घोड्यावरचा देव हा साधा टाक नव्हे. इतरांच्या घरी सोनाराने ठोकलेले पातळ पत्रे असतात. आमचा गोल, जाड, अस्सल चांदीचा, पणज्याच्याही आधीपासूनचा. एका अंगाला घोड्यावर बसून मणी राक्षसाला तुडवणारा खंडोबा, दुसऱ्या अंगाला म्हाळसाईचं तोंड. दरवर्षी चिंचेने घासून आणि भंडारा चोळून आता चेहरे गुळगुळीत झालेत. थोरल्याच्या घरी देव राहतो, म्हणून तो दादाकडे. आज अंघोळ घालून तळी उचलली तेव्हा मी मोबाईलवर दोन्ही अंगांचे फोटो काढून घेतले. हॉटेलात मोठा करून लावायचा विचार आहे.

मग म्हटलं, दादा, आज देवाचा दिवस आहे, सही करून टाक. तो म्हणाला, त्या रानाचं सोडून बोल. मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा तेच. माझा हात वर गेला. त्याच्या कपाळावर भंडारा लावलेला होता, तो दिसला आणि हात तिथेच अडकला. एवढी चीड मला आयुष्यात आली नसेल. आतून नुसता उकळत होतो.

तेवढ्यात पारूवहिनी भरीत-रोडगा घेऊन आली आणि तिने पहिलं पान वाढलं ते कुत्र्याला. आज कुत्र्याला आधी वाढतात, मला ठाऊक आहे, पण मी उभा असताना? झिप्र्या माझ्याकडे बघून गुरगुरला. भिंतीला कुऱ्हाड टेकवलेली होती. तिच्या तुंब्याने, म्हणजे बोथट अंगाने, एकच घातला. डोक्यात बसला. पाय झाडत राहिला, म्हणून अजून दोन घातले.

भावाच्या अंगावर मी हात टाकलेला नाही, हे तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. दादा कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. वहिनीने मला जेवायलाही वाढलं नाही. सणाच्या दिवशी दिराला उपाशी पाठवणारी बाई आहे ही.

११ डिसेंबर

नसरापूरला जाऊन फ्लेक्स करून आणला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी, वर 'हॉटेल जय मल्हार'. मोठं केल्यावर फ्लेक्सवाला म्हणाला, देवाच्या अंगावर कपडे दिसत नाहीत. झिजलेत, दुसरं काय. त्याने पिवळं धोतर चढवलं आणि म्हाळसाईला नथ घातली. झकास दिसतंय. गल्ल्याच्या मागे लावलं.

माझी बायको धनश्री बघून आत निघून गेली. ओठ अजून सुजलेला आहे, परवाचा. तिच्या बाबतीत कुणी मला भंडारा उचलायला लावलेला नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आज एक शेफाली नावाच्या मॅडम जेवायला आल्या होत्या. पुण्याच्या. जुनी नाणी ओळखून त्यांची किंमत ठरवायचं काम करतात. हात धुऊन आल्या, पैसे द्यायला उभ्या राहिल्या आणि फ्लेक्सकडे बघतच राहिल्या. मग विचारलं, हे मूळ कशावरून घेतलंय.

मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी मोबाईलवर दुसरा फोटो काढून दाखवला. तोच घोडा, तोच स्वार, तीच तलवार. खाली राक्षस नाही, पंखवाला नाग. सगळं एकदम कोरं, काल घडवल्यासारखं. त्या म्हणाल्या, हे विलायतेचं चांदीचं नाणं आहे, क्राऊन म्हणतात. घोड्यावर त्यांचा संत जॉर्ज आहे. आणि मागच्या बाजूला त्यांचा राजा.

मी म्हटलं, ती म्हाळसाई आहे. त्या म्हणाल्या, चौथा जॉर्ज.

हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी भिंतीवर मारला. त्यांच्याबरोबरच्या बायका उठून बाहेर पळाल्या, पण ही बाई हलली नाही. रंग उडाला होता तिचा, तरी म्हणाली, फोटोवरून मी शंभर टक्के सांगत नाही, नाणं हातात घ्यावं लागेल. चेहरे झिजले तरी कडेवर अक्षरं असतात, ती सहसा पूर्ण जात नाहीत. नंबर ठेवून गेली.

मला रडू येईल असं वाटत होतं. लहानपणापासून आम्ही त्याच्या पाया पडतोय.

१६ डिसेंबर

धनश्रीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, "दादांना ह्ये सांगू नका." का म्हणून विचारलं तर खाली बघून म्हणाली, "तेवडंच तर हाय तुमच्या दोघांत."

आधी वाटलं, दादाच्या श्रद्धेचं बोलतेय. दुपारी भाजी आणायला जाताना डोक्यात लख्ख उजेड पडला. देव देव नसेल तर त्याच्यासमोर उचललेला भंडारा कसला? ती आण कसली? इतकी वर्षं मी एका इंग्रजाच्या नाण्याला भिऊन हात आवरत होतो. गाडी थांबवून मोठ्याने हसलो. बायकोने सुचवलं तरी कधी कधी बरं सुचतं.

त्या क्षणापासून दादाच्या कानफटात बसणारा आवाज मला ऐकू येतोय. त्याची चव घेतोय म्हटलं तरी चालेल. डॉक्टरने खरं लिहा म्हटलंय म्हणून लिहिलं.

१९ डिसेंबर

नाणं आणलं. दादा मेंढरं घेऊन गेलेला असतो त्या वेळेला गेलो होतो. वहिनी एकटीच होती. मी सरळ देव्हाऱ्याकडे गेलो, तिने पुढे होऊन देव मुठीत घेतला. मी नीट मागितला. "भावजी, कायबी मागा, ह्यो न्हाई," म्हणाली. मूठ उघडेना, म्हणून मनगट पिरगाळलं. बायकांच्या हाडांत काही दम नसतो. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली.

मी तिला मारलेलं नाही. ती मध्ये आली. आणि आण भावाची होती, भावजयीची नव्हती, जी काही होती ती.

उतरताना तात्या भेटले. हातात काय आहे विचारलं. मी म्हटलं, लवकरच सांगेन सगळ्यांना.

२२ डिसेंबर, रविवार

शेफाली मॅडमनी फोनवर येईन म्हणून शब्द दिला होता, आल्या. बाहेरच्या बाकावर मऊ कापड अंथरलं, छोटा वजनकाटा ठेवला, डोळ्याला भिंग लावलं. कडेला धरून नाणं फिरवायला लागल्या. मध्ये बोटही टेकवत नव्हत्या, इतक्या जपून. माझ्या घरात तर आम्ही सगळे बचकेने धरत आलोय.

वजन असायला हवं त्याच्यापेक्षा थोडं कमी भरलं. त्या म्हणाल्या, ही झीज. व्यवहारात फिरताना काही गेली आणि तुमच्या चिंचेने बाकीची. मग कडेवर भिंग नेलं आणि एक एक अक्षर वाचून मला सांगत गेल्या. लॅटिन भाषा आहे म्हणे. पहिल्या शब्दांचा अर्थ, शोभा आणि रक्षण. पूर्वी लोक नाण्याच्या कडा कातरून चांदी चोरायचे, ते होऊ नये म्हणून कडेवर अक्षरं घालत. पुढे लिहिलं होतं, राज्याचं दुसरं वर्ष. म्हणजे अठराशे एकवीस किंवा बावीस साल. शंका राहिली नाही, म्हणाल्या.

किमतीचं त्यांनी आपणहून सांगितलं. कोरं असतं तर चांगले पैसे आले असते. एवढं झिजलेलं, घासलेलं नाणं कुणी हौशी माणूस घेत नाही. चांदीच्या भावापेक्षा थोडं वर, तीन-साडेतीन हजार धरा. मला त्यात रस नव्हता. मी म्हटलं, मॅडम, हा खंडोबा नाही असं कागदावर लिहून द्या.

त्यांनी नाणं कापडावर ठेवलं. म्हणाल्या, "नाणं कोणतं आहे ते मी लिहून देते. देव आहे की नाही, ते माझ्या कामात येत नाही."

मी बाकावर मूठ आपटली. तरी बाई ऐकेना. शेवटी एवढंच लिहिलं, ग्रेट ब्रिटन, चौथा जॉर्ज, क्राऊन, चांदी, फार झिजलेलं. खाली सही केली. जाताना मला विचारलं, तुमच्या घरी हे कुणाला दाखवायचंय. मी म्हटलं, भावाला. बरं, म्हणाल्या, पण चेहऱ्यावरून काही बरं वाटलेलं दिसलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज वर जातोय. नाताळच्या गर्दीमुळे उशीर झाला. कागद लॅमिनेट करून घेतलाय. तात्यांनाही बसायला सांगितलंय, आण त्यांनीच घातली होती तर तीही त्यांच्यासमोरच सुटू दे.

सही घेणार आहेच. पण आधी एक ठेवून देणार. रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झालाय.

६ जानेवारी, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. पुढचे दात गेलेत, बरगड्यांना पट्टा आहे, डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं. काल दवाखान्यातून घरी आणलं.

काय झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही. लिहून बघतो.

अंगणात तात्या घोंगडीवर बसले होते. दादा उभा होता. वहिनी उंबऱ्यात, हात गळ्यात बांधलेला. मी कागद वाचून दाखवला, नाणं दाखवलं, संत जॉर्ज सांगितला, चौथा जॉर्ज सांगितला.  वाचून झाल्यावर दादा म्हणाला, "म्हंजी ह्यो देव न्हाई."

"न्हाई," मी म्हटलं.

"मंग आपुन उचलल्याला भंडारा बी न्हाई."

"त्यो बी न्हाई."

"तुज्या तोंडानं सांग. दोगांचा बी न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, दोघांचाही नाही. मला हसू येत होतं. दादा तात्यांकडे वळून म्हणाला, "तात्या, तुमी ऐकलं." तात्या उठले आणि पाठमोरे होऊन गोठ्याकडे गेले. त्याच वेळी मी हात उचलला.

तो खाली आलाच नाही. दादाने वरच्या वर मनगट धरलं. त्या पकडीत मला पहिल्यांदा वाटलं की आपलं काहीतरी चुकतंय. मला ओढत नेलं, हात पाट्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने वरवंटा उचलला. "ह्यो पारूचा हात," म्हणाला. रागाने नाही, मेंढरू दाखवून हे अमक्याचं म्हणतात तसं.

मग काठी. पाठीवर, पायांवर, तोंडावर. मी दादा, दादा म्हणून ओरडत होतो. आण आठव असंही ओरडलो म्हणे, मला आठवत नाही. दमल्यावर तो थांबला. वहिनीने त्याला डाव्या हाताने पाणी दिलं. ते पिऊन माझ्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "झिप्र्याचं ऱ्हायलं."

मग मला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि रस्त्यापर्यंत त्यानेच उतरवलं. वाटेत एकदा खाली ठेवून माझ्या तोंडातलं रक्त त्याच्या फडक्याने पुसलं. काही कळत नाही. इतका गरीब माणूस, त्याला वेडबीड लागलं असावं.

पोलिसांत जाणार होतो. तात्यांपासून सगळी वस्ती म्हणते, कुंडलिक कड्यावरून घसरला. वर वहिनीच्या हाताचं काय, असंही विचारतात.

८ जानेवारी

झिप्र्याचं राहिलं म्हणजे कुत्र्याचा मोबदला, दुसरं काय असणार. असल्या मेंढक्या कुत्र्यावर त्याचा जीव होता, मान्य. कोंडिबाकडून चांगल्या जातीचं पिल्लू मागवलं आणि तात्यांच्या हाती वर पाठवलं. एवढ्यावर मिटेल. मोठेपणा मलाच घ्यावा लागतो.

९ जानेवारी

तात्या पिल्लू परत घेऊन आले. दादाने त्याला दूध पाजलं, कुरवाळलं आणि म्हणाला, "ह्याचं मी काय करू? ह्यो जित्ता हाय."

मी तात्यांना म्हटलं, असलं कसलं बोलणं.  धनश्री चुलीपुढून म्हणाली, "झिप्र्या मेला व्हता न्हवं."

उठून दाराची कडी लागलीय का ते बघून आलो. 

१० जानेवारी

शेफाली मॅडमना फोन केला. म्हटलं, पुन्हा एकदा नीट बघता का, माणसाची चूक होऊ शकते. कडेवरचं कुणी नंतरही कोरलेलं असेल. खाली पंख नसतीलच, झीज असेल ती.  मी त्यांना विचारलं, तो खंडोबा निघू शकतो का. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, नाणं तेच आहे. पण मी तेव्हाही तुम्हाला देवाचं काही सांगितलं नव्हतं."

तात्यांना पुन्हा वर पाठवलं. निरोप असा की मी भंडारा उचलायला तयार आहे, दादाने पण उचलावा, पहिल्यासारखं होऊ दे. जमीनही नको.

संध्याकाळी तात्या आले ते दारातच उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दादाचं उत्तर, "उचलतो की. देव आन म्हनावं त्याला."

सोनाराकडून नवा टाक घडवतो म्हटलं. तात्या म्हणाले, "त्ये बी इचारलं म्या. इकतचा नगं म्हनतोय. बापानं पुजल्याला पायजे." मग चप्पल घालता घालता म्हणाले, उद्या म्हादू खाली येणार आहे.

११ जानेवारी, शनिवार

फ्लेक्स काढायला लावला. हॉटेल बंद आहे. कोंडिबा काम सोडून गेला.

नाणं समोर ठेवलंय. एका हाताने जमेल तसं चिंचेने घासलं, अंघोळ घातली, भंडारा वाहिला. हात जोडता येत नाहीत, डोकं टेकलं. सकाळपासून त्याच्याकडे बघतोय. लहानपणी दिसायचा तसा खंडोबा दिसावा म्हणून डोळे बारीक करून बघितलं, लांबून बघितलं, मिटून पुन्हा उघडून बघितलं. घोडा दिसतो, तलवार दिसते. पण आता मला त्याच्यावर तो विलायतेचा माणूसच बसलेला दिसतो.

वस्तीच्या वाटेने कुणीतरी उतरतंय. खांद्यावर घोंगडी आहे, हातात काय आहे ते या डोळ्याने दिसत नाही.

धनश्रीला दार लावून कडी घालायला सांगितली. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडतेय. दोनदा सांगितलं. बाहेर थंडी असूनही तिने दार सताड उघडं ठेवलंय, बहुतेक तिला ऐकू गेलं नसावं.